फिरत्या पंख्यातून गोळी झाडताना

‘मेलेला वैमानिक शवागारातून उठला!’ असा मेसेज परवा पुन्हा आला. फोटो पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले वैमानिक इंद्रलाल रॉय यांचा, आणि खाली पुनर्जन्माच्या गप्पा. कोलकात्यात 1898 साली जन्मलेल्या रॉय यांचं विमान डिसेंबर 1917 मध्ये फ्रान्समध्ये कोसळलं होतं, हे खरं. मृत समजून शवागारात ठेवलेले रॉय तिथेच शुद्धीवर आले, अशी कथाही सांगितली जाते. पण गाढ बेशुद्धीत, त्यात डिसेंबरची थंडी, नाडी हाताला न लागणं शक्य असतं. त्यासाठी पुनर्जन्म कशाला हवा? डॉक्टरांनी उडायला बंदी केली, तरी 1918 च्या उन्हाळ्यात ते ब्रिटिश हवाई दलाच्या 40 व्या स्क्वाड्रनमध्ये (तुकडीत) उडायला परतले आणि जुलैमध्ये 13 दिवसांत त्यांच्या नावावर शत्रूच्या विमानांवरचे 10 विजय लागले. वय 19!

त्यांचं एस.ई.5ए विमान एकआसनी. नाकासमोर पंखा, त्याच्या मागे व्हिकर्स मशीनगन. मग गोळी स्वतःचाच पंखा का फोडत नाही?

पंखा दोन पात्यांचा आणि मिनिटाला 1500 फेरे धरू. म्हणजे सेकंदाला 25 फेरे, आणि दर 20 मिलिसेकंदांनी एक पातं बंदुकीच्या नळीसमोरून जाणार. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 740 मीटर. पंखा एक मीटर पुढे असेल तर तिथे पोहोचायला गोळीला 1.35 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात पंखा 12 अंश फिरतो. बंदूक आणि पंखा यांच्या वेळा जुळवायलाच हव्यात. इंजिनला जोडलेले दांडे आणि तरफा हे काम करत, पण ते झिजत, ढिले पडत आणि वेळ चुकत असे.

रुमानियाचे अभियंते जॉर्ज कॉन्स्टँटिनेस्को यांनी दांडेच काढून टाकले आणि त्या जागी तेलाने भरलेली नळी बसवली. नळ झटकन बंद केला की पाइपात ‘ठक्’ वाजतं ना? ती पाण्यातून धावणारी दाबाची लाट असते. इथेही तसंच. इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकाचा उंचवटा दट्ट्याला ठोका देतो. तेल जागच्या जागी किंचित हलतं, लाट मात्र ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने, पलीकडे जाऊन बंदुकीचा घोडा पाडते. पंख्याची मोकळी जागा समोर आली की ठोका! सेकंदाला असे 50 ठोके येतात. बंदूक जेमतेम आठ-दहा गोळ्या झाडते, कारण पुढची गोळी जागेवर येईपर्यंतचे ठोके वाया जातात. म्हणजे पंखा बंदुकीला अडवत नाही, तर तोच तिला झाडायला लावतो. अनेकदा हे उलटं लिहिलेलं असतं. नळी हवी तशी वळवता येत असल्याने ही रचना वेगवेगळ्या इंजिनांना बसवता आली, आणि मला तिचं सर्वांत कौतुक वाटतं ते यासाठी.

दुसरी बंदूक, ल्युइस, वरच्या पंखावर होती. ती पंख्याच्या वरून मारा करी, म्हणून तिला जुळवाजुळव लागत नसे. पण 97 गोळ्यांचं डबडं संपलं की ती रुळावरून खाली ओढायची, एका हाताने डबडं बदलायचं आणि विमानही सांभाळायचं, तेही शत्रू शेपटीला लागलेला असताना.

22 जुलै 1918 रोजी फ्रान्समधल्या कारव्हॅंच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झालेल्या झुंजीत रॉय पडले. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक त्यांना सप्टेंबरमध्ये, मरणोत्तर जाहीर झालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.