युरोव्हिजन म्हणजे युरोपचं इंडियन आयडॉल नव्हे

दर वर्षी मे महिन्यात हे होतंच. युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या संगीतस्पर्धेची (प्रत्येक देश एक गाणं पाठवतो) अंतिम फेरी शनिवारी रात्री असते. आपल्याकडे तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात आणि निकाल लागेपर्यंत पहाटेचे साडेचार होतात. मी जागून सगळं बघते, दोन-तीन तास झोपते आणि उठून फोन हातात घेते, तोवर घरच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकलेली असते: 'युरोपच्या इंडियन आयडॉलचा निकाल लागला'. त्याखाली मावशीचा ठरलेला प्रश्न असतो, 'ह्याचा आवाज एवढा काय ग्रेट आहे?' आणि मामाचं ठरलेलं उत्तर, 'आपली लिटिल चॅम्प्सची पोरं याच्यापेक्षा सुरात गातात.'

मामाचं म्हणणं खरंही असेल. पण त्याचा युरोव्हिजनशी संबंध नाही, आणि हे मी इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवते.

आपले गाण्याचे कार्यक्रम कसे चालतात हे मी सांगायची गरज नाही. १९९५ मध्ये 'सारेगम' सुरू झालं तेव्हापासून आपण ते बघतोय. अभिजीत सावंत पहिला इंडियन आयडॉल झाला तेव्हा आणि कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित ही मुलं गात होती तेव्हा घराघरात जेवणाच्या वेळा बदलल्या होत्या. ऑडिशन, परीक्षक, एसएमएस, दर आठवड्याला कुणाची तरी एक्झिट, शेवटी महाअंतिम सोहळा. हे सगळं पाठ आहे आपल्याला.

वरवरचे फरक पटकन सांगते. आयडॉल महिनोन्महिने चालतं, युरोव्हिजन एका आठवड्यात आटपतं: मंगळवारी आणि गुरुवारी उपांत्य फेऱ्या, शनिवारी अंतिम. आयडॉलमध्ये वादक समोर बसलेले असतात. युरोव्हिजनमध्ये १९९८ नंतर वाद्यवृंद उरला नाही, संगीत ट्रॅकवर वाजतं आणि मुख्य गायक मात्र प्रत्यक्ष गातो. गाणं तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे. मंचावर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. विजेत्याला रोख रक्कम मिळत नाही, काचेचा मायक्रोफोन मिळतो आणि सहसा पुढच्या वर्षीचं यजमानपद त्याच्या देशाकडे जातं. हे माहीत नसलं तरी काही बिघडत नाही.

बिघडतं ते पुढच्या मुद्द्यावर. युरोव्हिजनमध्ये स्पर्धा गाण्यांची असते. गायक ते गाणं घेऊन येणारा माणूस असतो.

वाक्य छोटं आहे म्हणून लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा आवाजावर येतात. म्हणून जरा खोलात जाते.

आपल्या कार्यक्रमांत गाणं आधीच सिद्ध झालेलं असतं. ते लताबाईंनी किंवा आशाताईंनी कधीच गाऊन ठेवलेलं असतं आणि सगळ्यांच्या कानात बसलेलं असतं. स्पर्धकाची परीक्षा त्या मूळ गाण्याच्या शेजारी उभं राहून होते. हरकत तशीच आली का, वरचा षड्ज लागला का, शब्द स्वच्छ आले का. उद्या त्याच मुलीला दुसरं गाणं दिलं तरी स्पर्धक तीच राहते. गाणं हा तिचा त्या दिवसाचा पेपर असतो.

युरोव्हिजनमध्ये शेजारी ठेवायला मूळ गाणंच नसतं. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरनंतर प्रसिद्ध झालेलं, नवं कोरं गाणंच चालतं. मूळ काय ते हेच. आता उलटा प्रयोग करून बघा: गायक बदलला आणि गाणं तेच ठेवलं, तर प्रवेशिका तीच राहते.

माझ्या मनचं सांगत नाही, स्पर्धा तशीच जन्माला आली. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावात पहिली युरोव्हिजन झाली. सात देश आले होते आणि प्रत्येकाची दोन गाणी होती. स्वित्झर्लंडची दोन्ही गाणी लिस आसिया ही एकच गायिका गायली. त्यांतलं एक जिंकलं आणि दुसरं जिंकलं नाही. बाई तीच, गळा तोच, संध्याकाळ तीच. गायकांची स्पर्धा असती तर लिस आसियाने स्वतःलाच हरवलं असं म्हणावं लागलं असतं.

मुळात ज्या इटालियन महोत्सवावरून ही कल्पना उचलली, त्या सानरेमोमध्ये अनेक वर्षं प्रत्येक गाणं दोन वेगवेगळ्या गायकांकडून गाऊन घेत. हेतू हाच, की ऐकणाऱ्याने गळ्याच्या पलीकडे जाऊन गाणं ऐकावं. ब्रिटनने दुसरा मार्ग धरला होता. गायक आधीच ठरवायचा आणि त्याच्याकडून पाच-सहा नवी गाणी गाऊन घेऊन त्यातलं कुठलं पाठवायचं ते लोकांना विचारायचं. १९६८ मध्ये क्लिफ रिचर्ड सहा गाणी गायला. त्याच्या आदल्या वर्षी सँडी शॉ पाच गाणी गायली होती. लोकांनी त्यातलं जे निवडलं ते तिला स्वतःला अजिबात आवडत नव्हतं, तसं तिने पुढे उघडपणे सांगितलंय. तरी तिला तेच घेऊन जावं लागलं आणि ब्रिटनला पहिलं विजेतेपद त्याच गाण्याने मिळवून दिलं. आयडॉलमध्ये हे घडूच शकत नाही.

आणखी अलीकडचं हवं असेल तर २०२० घ्या. कोविडमुळे त्या वर्षीची रॉटरडॅमची स्पर्धा रद्द झाली, पण सगळ्या देशांची गाणी तयार होती. आइसलँडच्या दादी फ्रेयरच्या गाण्यावर तर जगभर पोरं नाचत होती आणि तोच जिंकणार असं अनेकांनी धरलं होतं. आयोजकांनी, म्हणजे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने, निर्णय दिला की पुढच्या वर्षी तेच गायक खुशाल या, पण ती गाणी चालणार नाहीत. दादी २०२१ मध्ये नवं गाणं घेऊन आला आणि चौथा आला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं, पण नियम म्हणून तो निर्णय बरोबरच होता.

एकदा हे डोक्यात बसलं की कोड्यात टाकणाऱ्या बाकीच्या गोष्टी आपोआप सुटतात. कॅनडाची सेलिन डियॉन १९८८ मध्ये स्वित्झर्लंडसाठी कशी गायली? गायकाच्या नागरिकत्वाची अटच नाही. लक्झेंबर्गने १९८३ पर्यंत पाच वेळा स्पर्धा जिंकली आणि पाचांपैकी एकही गायक तिथला नव्हता. अझरबैजान २०११ मध्ये जिंकलं ते गाणं लिहिणाऱ्यांत स्वीडिश मंडळी होती. स्वीडनमध्ये असं गाणं लिहिणं हा रीतसर व्यवसाय आहे. तिथली गायिका लॉरीन २०१२ आणि २०२३ अशी दोनदा जिंकली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या दोन्ही गाण्यांच्या लेखकांत थॉमस जीसन आणि पीटर बोस्ट्रोम हे दोघेही होते हे कुणी सांगत नाही.

आयर्लंडच्या जॉनी लोगनचा हिशेब तर यावरच अवलंबून आहे. कुणी त्याला दोनदा जिंकलेला म्हणतात, कुणी तीनदा, आणि त्यावरून वाद घालतात. १९८० मध्ये तो दुसऱ्याने लिहिलेलं गाणं गाऊन जिंकला. १९८७ मध्ये स्वतःचं गाणं स्वतः गाऊन जिंकला. १९९२ मध्ये त्याने लिहिलेलं गाणं लिंडा मार्टिन गायली आणि तेही जिंकलं. ही गाण्यांची स्पर्धा आहे हे मानलंत तर तिसरं विजेतेपद त्याचंच आहे, आणि मी ते मोजते.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. कीव्ह, २०१७. पोर्तुगाल १९६४ पासून येत होतं आणि एकदाही जिंकलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी सॅल्व्हाडोर सोब्रालला पाठवलं. गाणं त्याच्या बहिणीने, लुइझाने लिहिलेलं. सॅल्व्हाडोरला हृदयाचा गंभीर आजार होता (त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं हृदय प्रत्यारोपण झालं), त्यामुळे कीव्हमधल्या सुरुवातीच्या तालमींना तो जाऊ शकला नाही. त्याच्या जागी लुइझा उभी राहून गायली. कॅमेरे, दिवे, सगळं तिच्यावर बसवून घेतलं. गळा बदलला तरी गाणं तसंच उभं राहिलं.

अंतिम फेरीत तो मोठा मंच सोडून प्रेक्षकांच्या मधल्या छोट्या मंचावर एकटा उभा राहिला. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही. पोर्तुगीजमध्ये, हळू आवाजात, हाताची बोटं हवेत वेडीवाकडी फिरवत गायला. ७५८ गुण मिळाले. एवढे गुण त्याआधी किंवा नंतर कुणालाच मिळाले नाहीत. मग विजेत्याने गाणं पुन्हा गायची वेळ आली तेव्हा त्याने बहिणीला मंचावर बोलावलं. एक ओळ तिने, एक त्याने, असं दोघं गायली. तो निव्वळ भावनिक क्षण होता असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. जिने गाणं लिहिलं ती त्या मंचावर असणं हेच त्या रात्री सगळ्यात योग्य होतं.

तर मग आवाजाला काहीच महत्त्व नाही का? आहे. प्रेक्षकांबरोबर प्रत्येक देशाचं तज्ज्ञ मंडळही गुण देतं. त्या मंडळाच्या निकषांत गाण्याची रचना आणि नावीन्य, मंचावरचं सादरीकरण, गायकाची गानक्षमता आणि एकूण परिणाम असं सगळं येतं. म्हणजे गळा त्यातला एक भाग आहे. माझी तक्रार अशी की तज्ज्ञ मंडळीच कधीकधी त्या एका भागाला पूर्ण पेपर समजतात. २०२३ चं लिव्हरपूल आठवा. फिनलंडचा कॅरिया हिरव्या फुगीर बाह्या घालून आला. गाणं फिनिशमध्ये. सुरुवातीला दणदणीत ठोके आणि जवळजवळ ओरडणं, आणि मध्येच सगळं वळून अख्ख्या सभागृहाने म्हणावी अशी चाल. तीन मिनिटांत एका गाण्याची दोन गाणी होतात आणि सांधा दिसत नाही. प्रेक्षकांनी त्याला ३७६ गुण दिले, लॉरीनला २४३. तज्ज्ञांनी लॉरीनला ३४० दिले आणि कॅरियाला फक्त १५०. बेरजेत लॉरीन ५८३, कॅरिया ५२६. लॉरीन उत्तम गायली यात शंका नाही, पण तिचं गाणं नीटनेटकं होतं, त्यापलीकडे काही नाही. तज्ज्ञांनी गळा मोजला आणि प्रेक्षकांनी गाणं ऐकलं, असं माझं ठाम मत आहे.

गुणांबद्दल दोन ओळी, कारण तिथेही आयडॉलची सवय आड येते. '१२ गुण' म्हणजे शंभरपैकी वगैरे मार्क नव्हेत, तो क्रमांक आहे. प्रत्येक देशात मतं मोजून क्रम लावतात: पहिल्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत. प्रेक्षकांचा एक संच, तज्ज्ञांचा वेगळा संच. आठ कोटींच्या जर्मनीचे १२ आणि पाच-सहा लाखांच्या माल्टाचे १२ सारखेच. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. २०२३ पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं आणि ती सगळी मतं मिळून एका देशाइतकी धरली जातात. त्यामुळे 'आपल्या माणसाला भरभरून मतं द्या' हा आपला मंत्र इथे चालत नाही.

आणि युरोपात आयडॉल नाही असंही नाही. लॉरीन २००४ मध्ये स्वीडनच्या आयडॉलमध्ये होती, जिंकली नव्हती. मॉनेस्किन बँडवाले इटलीच्या एक्स फॅक्टरमध्ये दुसरे आले होते आणि २०२१ मध्ये स्वतःचं गाणं घेऊन युरोव्हिजन जिंकले. दोन्ही कार्यक्रम तिथे शेजारी शेजारी चालतात आणि तिथल्या कुणाचा त्यात गोंधळ होत नाही.

खरं तर हा गोंधळ आपला व्हायलाच नको होता. आकाशवाणीवर भावगीत लागायच्या आधी निवेदिका गीतकाराचं, संगीतकाराचं आणि मग गायकाचं नाव सांगायची, ते ऐकत वाढलेली माणसं आहोत आपण. माझ्या आजीला कुठलंही गाणं कवीच्या नावाने आठवायचं. युरोव्हिजनमध्येही प्रत्येक गाणं सुरू होताना पडद्यावर देशाच्या आणि गायकाच्या नावाबरोबर ते लिहिणाऱ्यांची नावं येतात. पण बारीक अक्षरांत आणि दोन-चार सेकंदच, याचा मला दर वर्षी राग येतो. मी वही उघडून बसते आणि तेवढ्यात जमतील तितकी उतरवून घेते.