नॉर्मंडीतील छोटे बंदर

फ्रेंच चित्रकार झॉर्झ ब्राक (१८८२–१९६३) याने १९०९ साली पॅरिसमध्ये रंगवलेले तैलचित्र. सध्या ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयात आहे. घनवाद (वस्तू भौमितिक पैलूंत फोडून दाखवणारी चित्रशैली) म्हटले की गिटार, बाटल्या, पाइप आणि वर्तमानपत्राचे कपटे आठवतात. पण या शैलीची जी चित्रे अगदी सुरुवातीला लोकांसमोर आली, त्यांत हे समुद्राचे चित्र आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

ब्राकचे बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी गेले. वडील आणि आजोबा घरे रंगवण्याचा व सजावटीचा व्यवसाय करत आणि ब्राकनेही ते काम रीतसर शिकून घेतले होते. होड्या, धक्के, दीपस्तंभ हे सारे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. रंगभारवाद या भडक रंग मोकळेपणाने वापरणाऱ्या चित्रपंथाच्या प्रभावाखाली असताना, १९०६-०७ मध्ये, त्याने अँटवर्प, लेस्ताक, ला सिओता इथली किनाऱ्यावरची दृश्ये भडक गुलाबी, नारिंगी आणि जांभळ्या रंगांत रंगवली. पुढे सेझान या आधीच्या पिढीतील फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचा अभ्यास आणि पिकासोची ओळख या दोन गोष्टींनी त्याची वाट बदलली. १९०८ च्या उन्हाळ्यात लेस्ताकला केलेली घरांची चित्रे पॅरिसच्या शरद प्रदर्शनाच्या निवड समितीला पटली नाहीत. समितीत चित्रकार मातीस होता. ‘छोटे छोटे घन’ हा त्याचा शेरा म्हणून सांगतात. ब्राकने चित्रे मागे घेतली आणि नोव्हेंबरमध्ये ती कानवायलर या विक्रेत्याच्या छोट्या दालनात मांडली.

‘नॉर्मंडीतील छोटे बंदर’ मात्र मोठ्या प्रदर्शनात लागले, कारण १९०९ च्या ‘सालाँ दे अँदेपाँदाँ’ या स्वतंत्र चित्रकारांच्या प्रदर्शनात निवड समिती हा प्रकारच नव्हता, नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला जागा मिळे. लुई व्होसेल या समीक्षकाने या प्रदर्शनाबद्दल लिहिताना ब्राकच्या ‘घनाकार विचित्रपणा’ची खिल्ली उडवली. त्यानंतर ब्राकने अशा प्रदर्शनांकडे बरीच वर्षे पाठच फिरवली. ज्या वर्षांत घनवाद घडत होता, त्या वर्षांतले त्याचे काम पाहायचे तर कानवायलरचेच दार ठोठवावे लागे.

चित्र जवळजवळ चौरस आहे, बाजू ८१ सेंमी.च्या आसपास. एरवी समुद्रासाठी चित्रकार आडवा कॅनव्हास घेतो, म्हणजे क्षितिजाला ऐसपैस पसरता येते. इथे ती सोय नाही. शिडाच्या दोन होड्या बंदरात शिरत आहेत, मागे बंदराचे बांध आणि दीपस्तंभ आहेत. पण दूरचे दूर जात नाही. सगळा ऐवज पुढे ढकलल्यासारखा पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. यथादर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) नियमाने रेषा मागे एका बिंदूत मिळायला हव्यात, त्या इथे मिळत नाहीत. उजेडही एका बाजूने येत नाही: प्रत्येक पैलूची एक कड उजळ, दुसरी काळवंडलेली, आणि शेजारच्या पैलूचा हिशेब वेगळा.

खरी गंमत आकाशात आहे. होडी, भिंत, मनोरा या टणक वस्तू. त्यांचे पैलू पाडणे त्या मानाने सोपे. पाण्याला आणि हवेला कडाच नसतात, त्यामुळे समुद्र हा घनवादाला गैरसोयीचा विषय. ब्राकने त्यावर तोडगा काढला तो असा की, आकाशही होडीच्याच मालातून घडवायचे. शिडांचे तिरके त्रिकोण वर आकाशात तसेच चालू राहतात, आणि शीड कुठे संपले व आभाळ कुठे सुरू झाले हे काही ठिकाणी सांगता येत नाही. खालच्या लाटाही टोकदार, दगडातून काढल्यासारख्या. एका पृष्ठावरून दुसऱ्यावर असे न अडखळता सरकणे ही सेझानची शिकवण. पण ती हवेवर इतक्या हट्टाने लागू करणे हे ब्राकचे काम. रंग करडे, निळसर, मातकट आणि खडूसारखे कोरडे आहेत. दोन वर्षांपूर्वीचा भडकपणा कुठेच उरलेला नाही. लेस्ताकची घरे या शैलीची सुरुवात म्हणून पुस्तकांत नेहमी छापली जातात. पण या बंदरातली उडी अधिक मोठी वाटते, कारण घरे मुळातच चौकोनी असतात.

हे अमुक एका बंदराचे चित्र नाही. पॅरिसच्या चित्रशाळेत, समोर दृश्य नसताना, आठवणीतून ते रचलेले आहे. समोरच्या देखाव्याचा धाक सुटल्यावर भागांची जुळवाजुळव मनाजोगी करता आली, आणि घनवाद पुढे याच दिशेने गेला. निसर्गचित्र मात्र मागे पडले. १९१० नंतर ब्राक टेबलावरच्या वस्तूंकडे आणि वाद्यांकडे वळला.

समुद्र त्याच्या चित्रांत परतला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस, नॉर्मंडीत द्येप शहराजवळच्या व्हारांझव्हिल गावी त्याने घर बांधले त्या सुमारास. तिथे त्याने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या रंगवल्या. त्या चित्रांत किनारा, पाणी आणि आभाळ यांचे पट्टे पुन्हा वेगवेगळे दिसतात.