पुंजकारक पॉलिमर

गढूळ पाण्यातील चिकणमातीचे कण एकमेकांना बांधून त्यांचे पुंजके (फ्लॉक) करणारी लांब साखळीची द्रव्ये. पॉलिॲक्रिलामाइड व त्याची रूपे सर्वाधिक वापरात आहेत. 1 मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण स्थिर पाण्यात स्टोक्सच्या नियमानुसार दिवसाला जेमतेम 8 सेंमी. खाली जातो. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पुंजका सैल असूनही भराभर बसतो.

निवळी या झाडाचे बी भांड्याला आतून चोळून, म्हणजे नैसर्गिक पुंजकारक वापरून, पाणी निवळण्याची रीत जुनी आहे. मनुस्मृतीत (6.67) कतकाचे, म्हणजे निवळीचे, फळ पाणी स्वच्छ करते, पण नुसते नाव घेतल्याने नव्हे, असे म्हटले आहे. ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. 200 ते इ. स. 200 असा धरतात. उल्लेख दृष्टान्ताचा असल्याने रीत त्याआधीच रुळलेली असावी.

पुंजके कसे बांधले जातात याविषयी दोन मते आहेत. रूरवाइन व वॉर्ड (1952) आणि पुढे ला मेर व हीली यांच्या मते एकच साखळी अनेक कणांना चिकटून पूल बांधते. पृष्ठभाग अर्धा रिकामा असताना हे उत्तम साधते; साखळ्यांनी तो पुरता झाकला की पाणी पुन्हा गढूळच राहते. ग्रेगरी (1973) यांनी धनभारित साखळी कणावर आडवी पसरून धन भाराचे ठिगळ तयार करते व ते शेजारच्या ऋणभारित कणाला ओढते असे मांडले. मात्र त्यांचे प्रयोग लॅटेक्स कणांवरचे होते. केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजावरील लांब ऋणभारित साखळ्यांना पुलाची कल्पनाच अधिक लागू पडते. कण व साखळी दोन्ही ऋण असूनही कणांच्या कडांवरील हायड्रॉक्सिल गट आणि पाण्यातील कॅल्शियम त्यांना जोडतात.

पाणी भराभर निवळणारी पॉलिमरची मात्रा गाळण्यासाठीही योग्य असतेच असे नाही. मोजपात्रात मोठ्या पुंजक्यांचा थर स्पष्ट सीमारेषेसह झपाट्याने खाली सरकतो, पण तळाचा गाळ फुगीर राहतो. गाळणीवर त्याच पुंजक्यांमधील रुंद वाटांनी सुरुवातीला पाणी चटकन उतरते. दाब वाढताच ते चेपतात, वाटा बुजतात आणि आत अडकलेले पाणी चोथ्यातच राहते. मात्रा जास्त झाल्यास उरलेला पॉलिमर कापडाची छिद्रे बुळबुळीत करून बंद करतो. म्हणून गाळण्यासाठी लहान, घट्ट पुंजके पसंत करतात. जोरात ढवळल्याने तुटलेले पूल सहसा पूर्ववत जुळत नाहीत.

पॉलिॲक्रिलामाइड ज्या मूळ घटकापासून बनते त्या ॲक्रिलामाइडसाठी पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 0.5 मायक्रोग्रॅम आहे.