आत्महत्या : कारणं आणि प्रतिबंध (ठाणे व नवी मुंबईच्या संदर्भात)

आत्महत्या म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे व्याख्येत वेळ घालवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात सुमारे 7,27,000 लोक असे गेले. भारतात एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 2022 च्या अहवालात 1,70,924 मृत्यू आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, 22,746. मराठीत हा विषय निघाला की डोळ्यासमोर विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी येतो आणि ते साहजिकच आहे, पण त्याच अहवालात राज्यातल्या शेतीवर जगणाऱ्यांचा आकडा 4,248 आहे, म्हणजे पाचातला एकही पुरता नाही. बाकीचे रोजंदारीवाले, गृहिणी, विद्यार्थी, नोकरदार, धंदेवाले; वागळे इस्टेटच्या चाळीतले आणि घणसोलीच्या टॉवरमधलेही.

नोंदीतलं "कारण". हे जरा सविस्तर सांगायला हवं कारण सगळी चर्चा याच आकड्यांवर चालते. असा मृत्यू झाला की पोलीस स्टेशनात एडीआर म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद होते, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली. पंचनामा, पोस्टमॉर्टेम, मग नातेवाईकांचे जबाब. जबाब घेणारा हवालदार समोर बसलेला, घरचे हादरलेले, "काही बोललाच नाही हो साहेब, काल तर नीट जेवला होता" एवढंच सांगू शकतात, आणि त्यातून रकान्यात एक शब्द पडतो : कौटुंबिक किंवा आजारपण किंवा कर्ज. देशभरचे असे रकाने जोडले की 2022 चं चित्र तयार होतं, कौटुंबिक समस्या 31.7 टक्के, आजार 18.4 टक्के. हे आकडे खोटे नाहीत पण ते शेवटच्या ठिणगीचे आहेत, आधी साठलेलं त्यात दिसत नाही. शिवाय "ठाण्याचा आकडा" वाचताना हद्द बघावी. 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, ठाणे पोलीस आयुक्तालयात कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर येतं, तर नवी मुंबई आयुक्तालयात रायगडमधलं पनवेल-उरण. जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करणारी बातमी जपूनच घ्यावी.

कारणमीमांसा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने 1897 मध्ये मांडलं की आत्महत्येचं प्रमाण माणूस समाजाशी किती बांधलेला आहे यावर ठरतं, बंध फार सैल झाले तरी धोका, फार आवळले तरी धोका. मानसोपचारवाल्यांचा भर आजारावर, म्हणजे डिप्रेशन, दारू, स्किझोफ्रेनिया. वाद आहे तो प्रमाणाचा. मृत व्यक्तीच्या घरच्यांशी आणि मित्रांशी बोलून, कागदपत्रं बघून मनःस्थिती शोधण्याची सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी नावाची पद्धत 1950 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली आणि पाश्चात्त्य अभ्यासांत तिने 90 टक्क्यांच्या आसपास लोकांत मानसिक आजार दाखवला. भारतातले निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, काही शहरी अभ्यास तितकेच वर जातात, ग्रामीण अभ्यासांत प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. आजारानं माणूस कमकुवत होतो आणि भांडण, कर्ज, बदनामी किंवा रिझल्ट ही तात्कालिक निमित्तं ठरतात, असा दोन्ही धरून चालणारा विचार प्रस्तुत नोंदीला जास्त पटतो. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि सातारा-सांगलीकडचे माथाडी, गिरणगाव सुटलेले, नंतर महापेच्या आयटीवाले असे सगळे तिच्या नोडमध्ये, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरांत, शेजारी झाले. दुर्खीमला इथे बघण्यासारखं बरंच सापडलं असतं, पण नवं शहर म्हणजे एकटेपणा हे समीकरण सरसकट लावू नये, मंडळं आणि भिशी इथेही आहेत.

कायदा. 1860 च्या दंडसंहितेत कलम 309 खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये मारुती दुबळ खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तेच म्हटलं आणि 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते फिरवून कलम पुन्हा वैध ठरवलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 (अंमल मे 2018 पासून) म्हणतं की प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं धरायचं, खटला भरायचा नाही, उलट उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 309 राहिलंच नाही, फक्त सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न कलम 226 मध्ये उरला. तरी "पोलीस केस होईल" म्हणून दवाखान्यात न नेणारे आजही भेटतात.

प्रतिबंध. ठोस पुरावा असलेले उपाय कमी आहेत पण आहेत. साधन हाताशी नसणं हा त्यातला सगळ्यात भक्कम. श्रीलंकेत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तसं प्रमाण मोठ्या अंतराने घसरलं, कारण तीव्र क्षण बहुतेकदा टळून जातो. दुसरा, प्रयत्नानंतरचा पाठपुरावा. चेन्नईसह पाच देशांतल्या शहरांत झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसती एक समजावणीची बैठक आणि अठरा महिन्यांत अधूनमधून फोन किंवा भेट एवढ्याने नंतरचे मृत्यू 2.2 वरून 0.2 टक्क्यांवर आले. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, आणि आपल्याकडे नेमके त्याच वेळी पाहुणे "झालं गेलं विसर" म्हणून विषय बंद करतात. तिसरा, सरळ विचारणं : "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने डोक्यात ते खूळ शिरतं ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, सल्ले देण्याआधी ऐकून घ्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

स्थानिक सोयी. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 च्या सुमाराचं. "ठाण्याला पाठवा" ही थट्टा त्याच्यावरूनच आणि तिने किती लोकांना ओपीडीपासून लांब ठेवलं असेल कोण जाणे, कारण तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक संध्याकाळी घरी जातात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था समुपदेशनासाठी राज्यभर ओळखली जाते. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन (14416, ऑक्टोबर 2022 पासून) चोवीस तास, फुकट, मराठीतही चालते, आणि काळजी करणाऱ्या घरच्यांनी केलेला फोनही तिथे घेतात. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112 किंवा 108.