गोट्यांवर आणि बर्फावर उतरताना

अलास्कात रस्ता न पोहोचलेल्या भागांत छोटी विमाने नदीपात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यांवर आणि हिमनद्यांवर उतरतात. अशी जागा आकाशातून चादर अंथरल्यासारखी सपाट भासते. पण फूटभर खोल ओघळ, अर्धवट गाडला गेलेला ओंडका किंवा वरून कोरडी आणि आतून ओली वाळू तेवढ्या उंचीवरून ओळखू येत नाही. म्हणून जाणते वैमानिक आधी तिच्यावरून अगदी खालून फेऱ्या मारतात. काही जण विमानाचा भार पंखांवरच ठेवून चाके जमिनीला ओझरती घासतात, पुन्हा वर जातात आणि उमटलेल्या चाकोऱ्यांत पाणी पाझरताना दिसले, तर ती जागा सोडून देतात.

ही सावधगिरी का, ते गतिज ऊर्जेच्या सूत्रातून कळते, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेत ताशी 75 किलोमीटर वेगाने उतरणारे विमान ताशी 15 किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात जमिनीला 60 च्या वेगाने टेकते, तर तोच वारा पाठीमागून असल्यास 90 च्या वेगाने; म्हणजे थोपवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. त्यात चाक रुतले, तर चाक थांबते पण त्याच्या वर असलेले वस्तुमानकेंद्र पुढे जातच राहते, आणि विमान नाकावर आपटून उलटेही होते. या विमानांचे फुगीर, कमी दाबाचे टायर भार पसरवून हा धोका कमी करतात. तो नाहीसा मात्र करू शकत नाहीत.

हिमनदीवर अडचणी वाढतात. डेनाली पर्वताच्या गिर्यारोहकांना विमाने जिथे उतरवतात, ती कहिल्टना हिमनदीवरची जागा सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी असल्याने तितकेच उत्थापक बल (विमानाला हवेत उचलून धरणारे बल) मिळवायला सुमारे 12 टक्के जास्त वेग लागतो, आणि इंजिनाची शक्तीही घटते. अशा ठिकाणी साधारणपणे चढावर उतरतात आणि उतारावरून उडतात. त्यामुळे एका टप्प्यानंतर बेत बदलून वर निघून जाण्याची सोयच उरत नाही, आणि मला सर्वांत गंभीर धोका हाच वाटतो. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्या पडत नाहीत, जमीन किती खाली आहे हे डोळ्यांना कळेनासे होते; अशा वेळी काही वैमानिक झाडाच्या फांद्या खाली टाकून नजरेला आधार देतात.

उतरणे सुखरूप पार पडले, तरी उड्डाण बाकी असतेच. 1937 मध्ये अलास्कातील वैमानिक बॉब रीव्ह यांनी ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि बॉब बेट्स या गिर्यारोहकांना कॅनडातल्या युकॉनमधील वॉल्श हिमनदीवर पोहोचवले. अवेळी वाढलेल्या उष्णतेने बर्फाचा चिखल झाला होता आणि त्यात विमान रुतले. ते मोकळे करून, हलके करून पुन्हा उडवायला अनेक दिवस गेले. रीव्ह त्या हिमनदीवर पुन्हा उतरले नाहीत. ल्युकेनिया शिखर सर केल्यावर दोघे गिर्यारोहक पायीच बाहेर पडले.