समान चढ, समांतर रेषा: एका अटीची पार्श्वभूमी

समांतर रेषांचे चढ, म्हणजे त्यांच्या तिरकेपणाची मापं, समान असतात, हे अकरावीचं मूल झोपेतही सांगेल. मात्र हे वाक्य समांतर रेषांइतकं जुनं नाही. इ.स.पू. ३००च्या सुमारास ग्रीक भूमितीने समांतर रेषांची व्याख्या केली ती एवढीच: एकाच प्रतलातल्या, कितीही वाढवल्या तरी न भेटणाऱ्या. चढाचा त्यात पत्ताच नाही. १६३७ साली भूमितीला बीजगणिताची जोड मिळाली; तरी 'य = मक्ष + क' (यातला म म्हणजे चढ) हे आपलं नेहमीचं रूप रुळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली.

गोव्यात हे गणित गावोगावच्या शाळांत पोचलं ते मुक्तीनंतर. शालान्त परीक्षा आधी महाराष्ट्राच्या मंडळाची होती, १९७५मध्ये गोव्याचं स्वतःचं मंडळ आलं. प्राथमिक शाळा मराठीतून झाली तरी पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी सुरू होतं, म्हणून फोंडा-डिचोलीतल्या मराठी घरांतही चढाबद्दल 'स्लोप काढलास काय?' असंच विचारतात.

खरा गुंता मात्र वेगळाच आहे. २क्ष − ३य + ६ = ० आणि ४क्ष − ६य + ५ = ० या रेषा घ्या. दोन्हींचा चढ २/३, म्हणजे समांतर, वाद नाही. आता दुसरीतल्या ५च्या जागी १२ लिहा. चढ तोच, पण पहिल्या समीकरणाला २ने गुणलं की दुसरं मिळतं. रेषा एकच. मग ती स्वतःलाच समांतर म्हणायची का?

दहावीत दोन समीकरणांतल्या क्षच्या गुणकांचं, यच्या गुणकांचं आणि स्थिर पदांचं (नुसत्या संख्यांचं) अशी तीन गुणोत्तरं तपासायला शिकवतात. तिन्ही सारखी आली तर रेषा संपाती, म्हणजे एकमेकींवर तंतोतंत बसणाऱ्या. पहिली दोन सारखी आणि तिसरं वेगळं असेल तरच समांतर. म्हणजे दोन वेगळे कप्पे. अकरावीत मात्र नियम येतो की उभ्या नसलेल्या रेषा समांतर असतात, जर आणि तरच त्यांचे चढ समान असतील. हा नियम शब्दशः घेतला तर संपाती रेषाही समांतर ठरतात. दोन वर्षांत भूमिका बदलते आणि त्याबद्दल वर्गात कुणी चकार शब्द काढत नाही.

दोन्ही बाजूंना आधार आहे. 'न भेटणाऱ्या' ही जुनी अट धरली तर रेषा स्वतःला समांतर होऊच शकत नाही. विसाव्या शतकात संच आणि संबंधांच्या भाषेत गणित मांडणाऱ्यांना दुसरा पर्याय, म्हणजे रेषेला स्वतःलाही समांतर मानणं, सोयीचा वाटला. 'पहिली दुसरीला समांतर, दुसरी तिसरीला, म्हणून पहिली तिसरीला' हा नियम त्याखेरीज अपवादाविना चालत नाही, कारण तिसरी रेषा पहिलीच निघू शकते. मला हीच बाजू पटते. चढ फक्त दिशा सांगतो, रेषा कुठून जाते ते सांगणं त्याचं कामच नव्हे.

'उभ्या नसलेल्या' ही पुस्ती सहज वाचून सुटते. क्ष = ३ आणि क्ष = ७ या रेषा समांतरच, पण त्यांचा चढ काढायला गेलं की छेदात शून्य येतं. 'समांतर आहेत हे दाखवा' असा प्रश्न आला की क्लासवाले म्हणून बजावतात: आधी छेद शून्य तर नाही ना ते बघा, मग चढ, आणि शेवटी स्थिर पदही ताडून पाहा.