हुजऱ्यांचा कट (इ.स.पू. ३२७)

अलेक्झांडरला झोपेत मारायचा कट, आणि तोही त्याच्याच पहाऱ्यावरच्या पोरांनी रचलेला. इ.स.पू. ३२७ मध्ये सैन्य बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या भागात असताना हे घडलं. त्याच वर्षी तो हिंदुकुश ओलांडून भारताकडे निघाला.

हुजरे म्हटलं तरी हे साधे नोकर नव्हते. मॅसेडोनियाच्या सरदारांची वयात येणारी पोरं राजाच्या दिमतीला ठेवायची पद्धत अलेक्झांडरचा बाप फिलिप याच्या काळापासूनची. राजाला घोड्यावर बसायला मदत करायची, शिकारीला सोबत जायचं आणि रात्री तो झोपला की पहारा द्यायचा. म्हणजे हत्यार घेऊन राजाच्या अगदी जवळ असायची ही पोरं.

सुरुवात झाली रानडुकराच्या शिकारीवरून. डुक्कर राजाच्या अंगावर आलं आणि हर्मोलाउस नावाच्या पोराने राजाच्या आधीच ते मारलं. अलेक्झांडरची शिकार हुकली, तो भडकला, बाकीच्या पोरांसमोर त्याला फटके मारायला लावले आणि वर त्याचा घोडाही काढून घेतला. हर्मोलाउसने हे आधी जिवलग मित्र सॉस्ट्रॅटसला सांगितलं, मग अँटिपॅटर, एपिमेनीस, अँटिक्लीस, फिलोटास असे अजून काही जण सामील झाले. (हा फिलोटास वेगळा. ज्याला अलेक्झांडरने इ.स.पू. ३३० मध्ये मारलं, तो सेनापती पार्मेनिअनचा मुलगा दुसरा.) अँटिपॅटरच्या पहाऱ्याची रात्र ठरली.

पण त्या रात्री राजा झोपायला आलाच नाही, उजाडेपर्यंत पीत बसला. या मोहिमेचा इतिहास लिहिणारा अरिस्टोब्युलस सांगतो की अंगात येणारी एक सीरियन बाई सैन्याबरोबर फिरायची, तिने वाटेत गाठून परत जाऊन पीत बस म्हणून विनवलं आणि तो परत फिरला. दुसऱ्या दिवशी एपिमेनीसने आपल्या प्रियकराला सगळं सांगून टाकलं, त्याने एपिमेनीसच्या भावाला, भावाने अंगरक्षक टॉलेमीला, आणि टॉलेमीने थेट राजाला. छळ करून बाकीची नावं काढली आणि पोरांना दगडांनी ठेचून मारलं.

हर्मोलाउसने सैन्यासमोर गुन्हा कबूल केला असं काही जुने लेखक सांगतात, आणि कारणं फटक्यांपुरती नव्हती. अलेक्झांडरने पार्मेनिअनला आणि त्याच्या मुलाला, फिलोटासला मारलं, दारूच्या नशेत आपल्याच सेनानी क्लेटसचा जीव घेतला, इराणी पोशाख आणि लोटांगण घालायची सक्ती, स्वतंत्र माणसाने हे का सोसायचं असं त्याचं म्हणणं. मला तरी कटाचं खरं मूळ इथेच दिसतं, डुक्कर फक्त निमित्त.

सगळ्यात वाईट वाटतं ते कॅलिस्थेनीसचं. ॲरिस्टॉटलचा नातेवाईक, मोहिमेचा इतिहासकार, हर्मोलाउस त्याच्याकडे शिकायचा आणि लोटांगणाला कॅलिस्थेनीसने उघड विरोध केला होता, त्यामुळे तोही अडकला. टॉलेमी (तोच अंगरक्षक, त्यानेही पुढे मोहिमेचा इतिहास लिहिला) आणि अरिस्टोब्युलस म्हणतात की पोरांनीच त्याचं नाव घेतलं, पण नंतरच्या काळातला ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने अलेक्झांडरचं एक पत्र दिलंय त्यात तर पोरांनी छळातही दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही असं आहे. कॅलिस्थेनीसच्या शेवटाबद्दलही एकमत नाही. टॉलेमी लिहितो त्याला हाल करून फासावर दिलं, अरिस्टोब्युलस लिहितो बेड्या घालून सैन्याबरोबर फिरवलं आणि तो आजाराने गेला, आणि हे दोघंही त्या मोहिमेत हजर होते.